चार बोटं

"श्वास सोड. अजून सोड. सगळा सोड," टाचणीमावशी म्हणाली आणि तिनं भाचीच्या पाठीवरचा हूक पुन्हा ओढला.

"सोडला," भाची म्हणाली. "आता सोडण्यासारखा फक्त जीव उरलाय."

कुणी हसलं नाही. आई जाऊन महिनाही झाला नव्हता. पलंगावरची गादी गुंडाळून भिंतीला लावली होती, औषधांचा वास पडद्यांतून अजून गेला नव्हता, आणि त्याच खोलीत, त्याच उंच आरशासमोर, घरातल्या चौघी बायका जमल्या होत्या. मधोमध लग्न ठरलेली भाची. तिच्यासमोर तिची आई, म्हणजे धाकटी. मागे टाचणीमावशी, गेलेल्या आईची पाठची बहीण. शिवताना तिच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या म्हणून पोरींनी लहानपणी हे नाव ठेवलं. पुढे टाचण्या गेल्या, टोचणं राहिलं. आणि दाराच्या चौकटीला टेकून थोरली, धाकटीची मोठी बहीण; गेलेली आई या दोघींची. तिनं पन्नाशी ओलांडली होती आणि ती एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायची. दिवसभर दुसऱ्यांना कपडे चढवायचे आणि उतरवायचे, हे तिचं काम. इथं मात्र तिला कुणी हात लावू देत नव्हतं.

झगा आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, लग्नातला होता. सायीच्या रंगाचं जाड रेशीम, मनगटापर्यंत बाह्या, पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत हुकांची रांग. या घरातल्या मुलीनं लग्नात हाच झगा घालायचा, आणि झग्याला कात्री लावायची नाही, असा नियम होता. झगा मुलीच्या मापाचा करायचा नाही. मुलीनं झग्याच्या मापाचं व्हायचं. "आजीची कंबर दोन मुठींत मावायची," हे वाक्य या घरातल्या पोरींनी बडबडगीतांच्या आधी ऐकलेलं असे.

थोरलीनंही ऐकलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ती याच आरशासमोर उभी होती. खोलीत काकू होत्या, आत्या होत्या, चहाचे कप घेऊन बसलेल्या शेजारणी होत्या. हूक लागेनात. तेव्हा टाचणीमावशीनं पाठीवरच्या फटीत आपला हात आडवा धरला आणि भाजीवालीनं भाव सांगावा तसं खणखणीत सांगितलं, "चार बोटं! चार बोटं कमी पडतात गं अक्का."

अक्का म्हणजे आई. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. ती उठली नाही. कप खाली ठेवून एवढंच म्हणाली, "आपल्या घरात असं कधी कुणाचं झालं नाही."

थोरलीचं लग्न दुकानातून आणलेल्या करड्या पोशाखात झालं. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं ऐसपैस. "ऐसपैस आली, तिला ती रुंद खुर्ची द्या." "ऐसपैसला विचारा, तिच्या पोटात सगळं मावतं." आई हसायची. मोठ्यानं नाही, पण हसायची. पुढे दोन वर्षांनी धाकटी त्याच झग्यात उभी राहिली. हूक लागले, फोटो निघाले आणि तो फोटो दिवाणखान्यात लागला. थोरलीच्या लग्नाचा फोटो कपाटात राहिला.

"लागला! वरचा लागला," टाचणीमावशी म्हणाली. "अजून पाच. पोट आत घे."

आरशात भाचीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग झग्याच्याच रंगाचा. आधारासाठी तिनं हात पुढे केला, पण आरसा काही धरता येत नाही. थोरली धावली आणि तिनं तिला काखेत हात घालून झेललं. हाताला बरगड्या लागल्या.

"आज खाल्लंस काय?"

भाचीनं आईकडे पाहिलं. "काकडी."

"आणि?"

"काकडीच. पण मोठी होती."

"अगं, लग्नाला तीन आठवडे आहेत," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "एवढ्यात होईल बरोबर. मीही राहिलेच होते ना उपाशी? मेले का?"

"मेली नाहीस. पण तेव्हापासून रोज सकाळी पोटाची गोळी घेतेस."

"ताई, त्याचा याच्याशी काय संबंध?"

"ऐसपैस, तू मधे पडू नकोस," टाचणीमावशी म्हणाली. "तुला झाला नाही म्हणून कुणालाच होऊ नये, असं असतं का?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हे खरं असलं तर, अशी एक भीती तिच्या मनात होती. तिनं भाचीचा लागलेला हूक काढला. तो सुटताच पोरीनं विहिरीतून वर आल्यासारखा श्वास घेतला. झगा उतरवताना थोरलीला काखेत पिवळा डाग दिसला, उसाच्या चोथ्यासारखा, जुन्या घामाचा.

"हा असा घालणार? फोटोत दिसेल. मी कपडेपटात नेते. डाग काढून आणते."

टाचणीमावशीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "कात्री लागली तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"एक नुकतंच बघून झालंय," थोरली म्हणाली आणि तिनं झगा जुन्या चादरीत गुंडाळला.

*

नाटक कंपनीचा कपडेपट तळमजल्यावर, रंगमंचाच्या मागे होता. लांब खोली, दोन्ही बाजूंना राण्यांचे पोशाख, शिपायांचे कोट, भिकाऱ्यांच्या मुद्दाम फाडलेल्या चिंध्या, आणि मधे बिनडोक्याचे पुतळे. दुपारी वर तालीम चालायची. छतातून पावलं ऐकू यायची आणि कुणीतरी तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा चुकायचं. खिडकीपाशी मोठं टेबल होतं. थोरलीनं त्यावर स्वच्छ कापड पसरलं, चादर सोडली आणि झगा उलटा केला.

झगा आतून तिनं कधी पाहिलाच नव्हता. तो कायम आईच्या पेटीत, किल्ली आईच्या गळ्यात. पेटी उघडायची ती फक्त आई. हवा द्यायलाही आईच. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तिनं थोरलीचं मनगट धरलं होतं. सहा महिने थोरलीनं तिला भरवलं होतं, तिची नखं कापली होती, तिची अंथरुणं धुतली होती. वाटलं, आता काहीतरी बोलेल. आई म्हणाली, "झगा उसवू देऊ नकोस." त्यानंतर ती पुरतं वाक्य बोलली नाही.

आईचं शेवटचं वाक्य काय होतं, असं भेटायला आलेल्यांनी विचारलं की थोरली सांगायची, माझं नाव घेतलं.

अस्तर कडेनं बंद होतं. बाहेरून दिसू नयेत असे बारीक टाके, आणि प्रत्येक तिसरा टाका किंचित तिरका. थोरली वाकली, चष्मा कपाळावर सारून डोळा कापडाला टेकवला. आईच्या तर्जनीत तरुणपणी मशीनची सुई घुसली होती. ते बोट पुढे कधी नीट वाकलं नाही, आणि म्हणून तिच्या हातचा तिसरा टाका तिरका पडायचा. गल्लीभरच्या बायकांचे कपडे शिवून आईनं दोघी मुलींना वाढवलं. या तिरक्या टाक्यांच्या कडा लावलेले फ्रॉक घालून थोरली शाळेत गेली होती. हे टाके तिनं अंधारात बोट फिरवूनही ओळखले असते.

ज्या झग्याला कधी कुणी हात लावला नव्हता, त्याच्या आत आईचे टाके होते.

तिनं सुईच्या टोकानं एकेक टाका उचलला. कात्रीची गरजच नव्हती. अस्तर सुटलं आणि कुशीची शिवण उघडी पडली. जुन्या काळचे शिंपी कपडा शिवताना आत भरपूर माया सोडायचे. पुढे अंग भरलं तर सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. या झग्यात ती होती, दुमडून, दाबून, इस्त्री करून सपाट केलेली. थोरलीनं दुमड उलगडली.

रेशमातून सुई गेली की तिचं भोक बुजत नाही. सुती कापड धुतलं की विसरतं, रेशीम विसरत नाही. खिडकीच्या उजेडात तिला भोकांच्या रांगा दिसल्या. एक आताच्या शिवणीपासून नखभर बाहेर, मशीनची, सरळ, सगळ्यांत जुनी. ही आजीची. म्हणजे दोन मुठींची गोष्ट तिथंच संपली. आणि दुसरी तिच्याही बाहेर, कापडाच्या अगदी कडेला, हातानं घातलेली. कुणीतरी कधीतरी हा झगा होता तेवढा सगळा सैल केला होता. मग कुणीतरी तो पुन्हा आत घेतला, आजीच्याही मापाच्या आत.

आताच्या शिवणीत कच्च्या टाक्याचा एक तुकडा अडकून राहिला होता. शिवण पक्की झाली की कच्चा दोरा ओढून टाकायचा असतो. हा तुकडा टिपेखाली दबून राहिला. बोटाच्या पेराएवढा. निळा.

थोरलीनं तो ओळखला. तो तिच्या शाळेच्या गणवेशाचा निळा होता. त्या रंगाचं मोठं रीळ आईनं तिच्या शाळेसाठीच आणलं होतं. वाया जाऊ नये म्हणून आई त्याच दोऱ्यानं घरातलं सगळं कच्चं शिवायची. म्हणजे थोरली शाळेत असताना, आईच्या लग्नाला बारा-पंधरा वर्षं होऊन गेल्यावर, आईनं हा झगा आत घेतला. आणि स्वतःच्या लग्नात तिनं घातला, तो कडेच्या रांगेच्या मापाचा; मावशी तर जन्मभर काडीसारखी.

तिनं बोटं ठेवून पाहिली. आताची शिवण आणि कडेची रांग यांच्यात एक बोट. कापडाचे दोन पदर, म्हणजे दोन बोटं. दुसऱ्या कुशीला तेवढंच.

चार बोटं.

वर तो नट पुन्हा चुकला आणि कुणीतरी ओरडलं. मग थोरलीनं झगा उचलून जवळच्या पुतळ्याच्या खांद्यावर टाकला. पुतळ्याला डोकं नव्हतं, त्यामुळे बोलायला सोयीचा होता.

"माझंच अंग तुझं होतं," ती म्हणाली. "तुझीच कंबर घेऊन जन्मले मी. तुला माहीत होतं. तू खुर्चीत बसून चहा प्यायलीस आणि म्हणालीस, आपल्या घरात असं कधी कुणाचं झालं नाही."

तिला रडू आलं नाही. आई गेल्यापासून जे आत कोंडलं होतं, ते दुःख आहे असं ती समजत होती. थोडं दुःख होतंच. पण त्याखाली हे होतं. पंचवीस वर्षं ती जेवणाच्या टेबलावर शेवटची पोळी नको म्हणत आली होती. नवऱ्यासमोर दिवा मालवून कपडे बदलत आली होती. आपण या घरात कुठून आलो, असं तिनं आरशाला कितीदा विचारलं होतं. आणि उत्तर पलंगावर पडून होतं, सहा महिने, तिच्याच हातानं पेज खात.

डाग तिनं काढला. कामाशी वैर नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा तिघी आईच्या खोलीतच होत्या. थोरलीनं झगा उलटा, अस्तर लोंबत असलेला, टेबलावर टाकला. टाचणीमावशीचा चेहरा क्षणात उतरला, आणि त्यावरूनच थोरलीला कळलं.

"तुला माहीत होतं."

"तुला कुणी सांगितलं होतं आत डोकवायला? डाग काढते म्हणाली होतीस."

"डाग काढलाय. आता बाकीचं बोल."

"काय झालं?" धाकटीनं विचारलं. "कात्री लावलीस?"

"कात्री नाही. सुई." थोरलीनं तिचं बोट धरून भोकांच्या रांगांवरून फिरवलं. "ही आजी. ही कडेची आई. आणि ही आताची शिवण. ही आईनं घातली, मी शाळेत असताना. तू या मापात बसलीस. पण हे माप कुणाचंच नव्हतं. आजीचं नाही, आईचं नाही. तुझ्याआधी या मापात या घरातली एकही बाई कधी मावली नाही."

धाकटी रांगांकडे बघत राहिली. "मावशी, तुझ्या लग्नात?"

"मला सैल होता," टाचणीमावशी पुटपुटली. "पाठीला टाचण्या लावल्या होत्या."

"म्हणजे टाचणी चालते," भाची पलंगाच्या कडेवरून म्हणाली, "श्वास चालत नाही."

"तू गप्प गं." पण म्हातारीच्या आवाजात जोर नव्हता. ती खुर्चीत बसली, आई बसायची त्याच. "तुमच्या आजीनंच अक्कासाठी झगा सैल केला. रात्र घालवून, रडत. आणि मग मरेपर्यंत तिला ऐकवलं. पाहुण्यांसमोर, तुमच्या वडिलांसमोर. हिच्यापायी माझा झगा उसवावा लागला. दर वेळी, काही निमित्त काढून. आमची आई गेली त्या आठवड्यात अक्कानं तो पेटीतून काढला. मी होते बरोबर. म्हणाली, आईच्या टिपेच्याही आत घेते, आता बोला म्हणावं. मीच टाचण्या लावून दिल्या. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. आम्हाला काय ठाऊक, पुढे..."

"पुढे काय होणार ते ठाऊक होतं. पुढे आम्ही होतो."

"त्या दिवशी तुझे हूक लागेनात, तेव्हा तिला सांगायचं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पण इतक्या बायका बसल्या होत्या. जीभ उचलली नाही तिची."

"तुझी उचलली," थोरली म्हणाली. "चार बोटं मोजायला बरी उचलली."

थोरलीनं झग्याची उसवलेली कड तिच्यापुढे सरकवली.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. तिला आजीनं जन्मभर टोचलं ते तिला सोसलं नाही, कळतं मला. मग तेच तिनं मला का दिलं? एवढी दुखरी वस्तू कुणी पोरीच्या हातात ठेवतं?"

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"जिवंत होती तेव्हा तिनं बोलायचं होतं. तिच्या अंथरुणाशी होते की मी."

मधेच धाकटी उठली. तिनं झग्याची कड हातात घेतली. थोरलीला वाटलं, ही आता आईची बाजू घेणार. ती नेहमी घ्यायची. फोटोतली तीच होती.

"माझ्या लग्नाचं जेवण मला आठवत नाही," धाकटी म्हणाली. "कारण मी जेवलेच नाही. पानाशी बसले आणि आई मागून म्हणाली, हूक तुटेल. रात्री उलट्या झाल्या, पिवळं पाणी पडलं. मला वाटायचं, आजीला जमलं, आईला जमलं, मलाही जमलं. मी जिंकले असं वाटायचं गं ताई." ती भाचीकडे वळली. "आणि मी तुला काकडी देत होते."

"मोठी होती," भाची म्हणाली.

या वेळी थोरली हसली, आणि हसता हसताच तिनं पाठ फिरवून सुईदोऱ्याचा डबा काढला.

"हे बघ," ती भाचीला म्हणाली, "तुला हा झगा घालायचा असेल तर घाल. नसेल तर दुकानात जाऊ. कुणी काही म्हणणार नाही. म्हटलं तर मी आहे."

भाचीनं झग्यावरून हात फिरवला. "मला आवडतो तो. पण आधी मला काहीतरी खायला द्या. मग मापं घ्या. भरल्या पोटाची."

धाकटी स्वयंपाकघरात गेली. अंडी फोडल्याचा, तव्यावर लोणी चुरचुरल्याचा आवाज आला. भाचीनं चार टोस्ट आणि तीन अंडी खाल्ली. टाचणीमावशीनं प्रत्येक घास पाहिला आणि एकही बोचरा शब्द काढला नाही. तिला ते फार जड गेलं असावं.

मग भाची आरशासमोर उभी राहिली, झगा उलटा, शिवणी बाहेर. थोरलीनं आईची टीप उसवली. निळा तुकडा खाली फरशीवर पडला. तिनं तो उचलला नाही. धाकटी टाचण्या पुढे करत होती.

"हात वर कर. खाली कर. आता बस. बसून श्वास घे. हसून दाखव."

"कशावर हसू?"

"आमच्यावर."

नवी शिवण कडेच्या रांगेच्या किंचित आत आली. कुणाच्याही जुन्या भोकांवर नव्हती. थोरलीनं आधी कच्चे टाके घातले, मग आईच्याच मशीनवर टीप मारली. पायाखाली मशीनचा तोच खडखडाट, तीच किरकिर. बाकी माया तिनं कापली नाही. आत तशीच राखली, पुढच्या कुणासाठी. झगा सुलट करून भाचीला चढवला. धाकटीनं हूक लावले, एका हातानं, भाचीशी बोलता बोलता. सगळे लागले.

टाचणीमावशी जवळ आली. तिनं सवयीनं पाठीवर हात नेला आणि मग काय करावं न सुचून तो मागे घेतला.

"अस्तर?" तिनं विचारलं. "ते शिवायला हवं ना. आतलं दिसतं."

"दिसू दे. वरच्या कडेला टाके घालते, लोंबू नये म्हणून. खालून उघडंच राहील. पुढे जी घालेल तिनं उलटून बघावं."

तिनं भाचीच्या अंगावरचा झगा उतरवून मांडीवर घेतला आणि ती टाके घालू लागली.

"अक्काला माफ कर आता," टाचणीमावशी हळूच म्हणाली. "किती दिवस धरून बसशील?"

थोरलीनं मान वर केली नाही. "तिनं माफी मागितली असती तर बघितलं असतं," ती म्हणाली.

शेवटचा टाका झाला. गाठ मारली. दोरा दातानं तोडायचा नाही, हा आईचा नियम होता. दात झिजतात, म्हणायची, आणि दोऱ्याचं टोक भिजतं. कात्री हाताशीच होती.

थोरलीनं दोरा दातानं तोडला.